गोड ज्वारीच्या कोपी

चला, जरा माझ्याबरोबर या आणि अशी कल्पना करा, की औशाच्या अलीकडच्या एका गावात तुमचं वावर आहे. वावराच्या बांधालगतची एक अरुंद पट्टी तुमची आहे, अगदी तुमच्या एकट्याची. त्या पट्टीत तुम्ही ज्वारी पेरली आहे आणि ती इतकी उंच झाली आहे, की तुमच्या वडलांनी हात वर केला तरी शेंड्याला लागत नाही. आता तिचं एक धाट मोडा. धाट म्हणजे ज्वारीचं खोड. वरची साल दातांनी सोला आणि चावा. रस आला ना? उसासारखा गोड?

आता आणखी एक कल्पना करायची आहे, ती जरा अवघड आहे. ही ज्वारी नेहमीची नाही, हे तुम्ही गावातल्या प्रत्येकाला सांगितलं आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येकानं मान हलवून "हाव, हाव" म्हटलं आहे. आणि तरीही जो तो येऊन तुमच्याकडे कडबाच मागतो आहे.

आला वैताग? मग सुकन्याची गोष्ट तुम्हाला नीट कळेल.

सुकन्या सातवीत होती. तिच्या घरी मैना नावाची एक कालवड होती. मैनाच्या आईला मागच्या उन्हाळ्यात विकावं लागलं, कारण चारा संपला होता. तुम्ही म्हणाल, खेड्यात चारा कसा संपेल? पूर्वी संपत नसे. तेव्हा घरोघर ज्वारी असायची आणि ज्वारीची धाटं वाळली की त्यांचा कडबा व्हायचा. आता शिवारभर सोयाबीन, नाहीतर हरभरा. त्यांचा कडबा होत नाही. म्हणून सुकन्याच्या वडलांनी, व्यंकटनं, ठरवून टाकलं होतं की येळवस झाली की मैनालाही हाळीच्या जनावरांच्या बाजारात न्यायचं.

पोळा झाला त्याच आठवड्यात सुकन्यानं वडलांना गाठलं होतं.

"पप्पा, मैनाचा चारा मी पिकवते."

"कुठं? दप्तरात?"

"बांधाजवळच्या पट्टीत. उमरीच्या मामानं गोड ज्वारीचं बी दिलंय. दाणा आपल्याला, धाटाचा रस काढून काकवी, आन् राहिलेला चोथा मैनाला."

"त्या पट्टीत मी हरभरा टाकतो."

"हरभऱ्याच्या बदल्यात काकवी घ्या."

काकवी तुम्हाला माहीत असेल. रस आटवत आटवत गूळ होण्याच्या जरा आधी थांबलं की मधासारखा दाट पाक उरतो, ती काकवी. व्यंकटला ती फार आवडायची. त्यानं थोडा विचार केला.

"बरं. एक काहीलभर रस निघून त्याची काकवी झाली, आन् कालवडीनं चोथा खाल्ला, तर मैना राहिली. पुढल्या पावसाळ्याला अर्धं वावर तुझ्या ज्वारीला. पण न्हाई जमलं तर रडायचं न्हाई."

"मी कवा रडले?"

"मागल्या बाजाराला," व्यंकट म्हणाला.

काहील म्हणजे गुऱ्हाळावरची ती भलीमोठी पसरट कढई. गावाच्या फाट्यावर नासिरचाचाचं गुऱ्हाळ होतं. त्याच्या आजोबांपासून त्या घरानं उसाशिवाय काही पिळलं नव्हतं. सुकन्या त्याला विचारायला गेली तेव्हा तो चरकाला वंगण घालत होता.

"ज्वारीचा रस?" नासिर म्हणाला. "बेटा, आज ज्वारीचा रस म्हणतीस, उद्या गव्हाचं दूध काढायला लावशील."

"चाचा, एकदा चावून तर बघा."

तिनं सोबत आणलेलं धाट त्यानं चावलं. पुन्हा चावलं. थुंकायचा चोथा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "येळवशीच्या दुसऱ्या दिवशी ये. त्या दिवशी दुपारी औशाहून ऊस यायचाय, तवर चरक रिकामाच हाय. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. काहील भरली पायजे. अर्ध्या काहिलीला मी जाळ लावत न्हाई, कडेचा रस करपतो आन् सगळी काकवी कडू होती. दुसरं म्हंजी, कापलेलं धाट या थंडीत एक रात्र टिकतंय. दुसऱ्या रात्री आंबलं म्हणून समज."

सुकन्यानं अंदाज केला. पट्टीतली सगळी ज्वारी पिळली तर काहील भरत होती, आणि वर थोडी उरतही होती.

आता येळवस म्हणजे काय, हे लांबच्या मुलांना सांगायला हवं. आमच्या लातूर-नांदेडकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात चिटपाखरू सापडत नाही. सगळे वावरात. तिथं धाटांच्या पेंढ्या उभ्या करून एक लहानशी खोपी करतात, तिला कोप म्हणायचं. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. लक्ष्मीही तिथंच येऊन बसते असं मानतात. मग पूजा, आणि मग ताकातली अंबील, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं.

कोप ज्वारीच्याच धाटांची लागते. आणि ज्वारी तर गावात कुणी पेरलेलीच नव्हती. बांधालगतच्या एका पट्टीखेरीज.

त्यात आणखी एक घोटाळा झाला. पाखरं दाणा ठेवेनात, म्हणून येळवशीच्या आदल्या आठवड्यात सुकन्याच्या आईनं सगळी कणसं खुडून घरी नेली. आमच्याकडे कणसं खुडली की पिकाचं काम संपलं. मागं राहतो तो कडबा, आणि कडब्याच्या चार पेंढ्या कुणी मागितल्या तर नाही म्हणायची रीत नाही.

पहिल्यांदा आली गंगम्मा. शेजारच्याच वावरातली म्हातारी, माहेर कर्नाटकातलं. सुकन्याचे आजोबा, रामलिंग आबा, बांधावर बसले होते.

"रामलिंगअण्णा, कोपीला पाच पेंढ्या लागतेत बगा."

"घे की," आबा म्हणाले.

"आबा," सुकन्या पट्टीतून बाहेर येत म्हणाली, "ही कडब्याची ज्वारी न्हाई. काकू, ही रसाची हाय. गुऱ्हाळात न्यायची."

"हाव गं अव्वा," गंगम्मा म्हणाली. "पाचच नेते."

"पाच बी नका नेऊ. काहील भरणार न्हाई."

"भरंल की. एवढ्या ज्वारीत पाच पेंढ्या म्हंजी काय?"

तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? पाच पेंढ्यांनी खरंच काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते गंगम्माच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या पाच पेंढ्यांनी.

कारण मग रांगच लागली. कुणी म्हणालं, आमचं वावर लहान, आम्हाला तीनच पुरे. कुणी म्हणालं, पाव्हणे यायचेत, जरा मोठी कोप करावी म्हणतो. आदिनाथ नावाचा कॉलेजातला मुलगा मोटारसायकल बांधावर उभी करून फोटोच काढत राहिला.

"आबा, काय हिरवी हाय हो. सगळ्यांच्या कोपी पिवळ्या वाळक्या असतेत. आपली हिरवी. स्टेटसला टाकतो."

"टाक की," आबा म्हणाले. स्टेटस म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आदिनाथदादा, ह्याला कडबा म्हणू नको. ह्यात साखर हाय."

"हाव? लईच भारी," आदिनाथ म्हणाला. "मग दोन पेंढ्या जास्त ठेव."

रामलिंग आबांना नाही हा शब्द उच्चारताच येत नसे. दारावर आलेल्या फेरीवाल्यालाही ते परत पाठवत नसत, त्यामुळे घरात कधी न वापरलेल्या कितीतरी चाळण्या होत्या. त्या संध्याकाळी सुकन्या त्यांच्यापुढं बसली आणि शाळेत बाई समजावतात तसं तिनं त्यांना समजावलं. धाटात रस, रसात साखर, रस गेला की चोथा, चोथ्यावर मैना. धाट गेलं तर मैना गेली.

"समजलं का आबा?"

"हाव, समजलं की."

"मग उद्या कुणी मागायला आलं तर काय म्हणायचं?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"लक्ष्मीच्या कोपीला मागितल्यावर न्हाई कसं म्हणावं बाळा?"

सुकन्यानं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. अजून कुणी काही कापून नेलं नव्हतं, म्हणून तिनं वेगळी तोड काढली. द्यायचंच असेल तर द्या, पण धाटाला विळा लागेल तो येळवशीच्या सकाळीच, त्याआधी नाही. तिला वाटलं, तोवर लोक दुसरीकडून कडबा मिळवतील. निदान निम्मे तरी विसरतील. आबांना हे पटलं, कारण यात कुणालाही नाही म्हणायचं नव्हतं.

कुणी विसरलं नाही. येळवशीला उजाडायच्या आत बांधावर बायाबापड्या विळे घेऊन उभ्या होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या की गोड ज्वारी आहे बरं का, जपून कापा. सुकन्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होती. इकडं कुणाला थांबवावं तर तिकडं पेंढी बांधून झालेली. ऊन वर येईपर्यंत पट्टीत थोडीच धाटं उरली. फणीचे बरेचसे दात मोडावेत तशी ती पट्टी दिसत होती.

आणि मग ती स्वतःच्या वावरातल्या आंब्याखाली आली, तर व्यंकट कोप उभी करत होता. गावातली सगळ्यांत मोठी. त्याच पट्टीतल्या धाटांची.

"पप्पा, तुम्ही पण?"

"मग काय विकत आणू?" व्यंकट म्हणाला. "घरची ज्वारी असताना?"

सुकन्या जेवली नाही. आईनं अंबील दिली, तिनं पेला खाली ठेवला. आबांनी उंडा पुढं केला, तिनं मान फिरवली. ती तरातरा जाऊन विहिरीच्या मातीच्या ढिगावर चढून बसली. शिवारातली सगळ्यांत उंच जागा तीच. रागावलेल्या माणसाला उंच जागा आवडते.

वर बसून ती कुणाकुणाचा राग करावा ते बघू लागली. तिकडं गंगम्माचं वावर. पलीकडं आदिनाथचं. ओढ्याच्या कडेला आणखी चार. हरभऱ्याच्या बुटक्या पिकात प्रत्येक वावरात एक कोप उभी होती, हिरवीगार. लांबूनही ओळखू येत होती. सुकन्या बघत राहिली. तिची ज्वारी कुठं गेलीच नव्हती. ती सगळ्या शिवारात उभी होती. आजच सकाळी कापलेली. नासिरचाचाच्या हिशेबानं अजून एक रात्र टिकणारी.

ती घसरत खाली आली.

"आबा, कोपीत बसलेली लक्ष्मी कधी उठती?"

आबा खीर खात होते. "असं काय विचारतीस?"

"सांगा ना."

"सांजच्याला वावराभोवती हेंडगा फिरवतेत," आबा म्हणाले. हेंडगा म्हणजे पेटवलेली गवताची मशाल. "तो फिरला की जाती घरला."

"मग उद्या सकाळी कोप रिकामी?"

"रिकामीच म्हणायची. पण कोप कुणी मोडत न्हाई बाळा. ती आपली आपण पडती. न्हाईतर जनावरं खातेत."

पुढचं ऐकायला सुकन्या थांबली नाही. येळवशीचं एक बरं असतं, कुणाच्याही वावरात शिरलं तरी कुणी कशाला आलीस म्हणत नाही. गंगम्मानं तिला बसवून घेतलं, भज्जी वाढली, आणि मग विचारलं काय काम आहे.

"काकू, उद्या सकाळी तुमच्या पेंढ्या नासिरचाचाकडं पोचल्या पायजेत."

"हाव."

"हाव नको," सुकन्या म्हणाली. "हाव लई झालं. कोण आणणार ते सांगा."

गंगम्मानं तिच्याकडं नीट पाहिलं. मागच्या आठवड्याभरात बहुतेक पहिल्यांदाच.

"आमचा थोरला आणंल. बैलगाडीवर."

"शेरडं कोपीला लागली तर?"

"आज ती घरीच बांधायला लावते. अय्यो, केवढी गं तू खमकी. भज्जी तर खा."

अशी ती वावरावावरानं फिरली. प्रत्येक ठिकाणी जेवावं लागलं. सकाळपासूनचा उपास पाचव्या वावरात तिला फारच जड गेला. एकानं विचारलं, लक्ष्मीची कोप मोडायला रामलिंग आबांनी सांगितलं का? ती म्हणाली, लक्ष्मी सांजच्याला घरी जाती असं आबांनी सांगितलंय. हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळावर ती सगळ्यांच्या आधी पोचली. कुणी येईल यावर तिचा विश्वास नव्हता. पण गंगम्माची बैलगाडी आली. आदिनाथ मोटारसायकलला मागं पेंढ्या बांधून आला, आणि येताना त्यांचाही फोटो काढून आला. कुणी डोक्यावरून आणल्या. दोन कोपी शेरडांनी खाल्ल्या होत्या, त्यांच्या मालकांनी तसं सांगायला म्हणून माणसं पाठवली. पट्टीत उरलेली धाटं सुकन्याच्या आईनं कापून आणली. मागोमाग व्यंकटही आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

चरक सुरू झाला. हिरवट रस पन्हाळीतून काहिलीत पडू लागला. नासिरनं बोट बुडवून चाटलं.

"व्यंकट, पोरीला गव्हाचं बियाणं बी आणायला सांग," तो म्हणाला.

शेवटची पेंढी चरकातून गेली तेव्हा सगळे काहिलीवर वाकले. रस काहील भरल्याच्या खुणेच्या चार बोटं खाली होता.

"चार बोटंच तर हायेत चाचा," सुकन्या म्हणाली.

"चार बोटांनीच करपतंय बेटा." नासिरला वाईट वाटलेलं दिसत होतं. "असं करू. माझ्याकडं कालचा ऊस पडलाय थोडा. त्याचा रस वर घालतो. कुणाला कळणार बी न्हाई."

सुकन्यानं वडलांकडं पाहिलं.

"उसाचा रस घातला तर तुम्ही काय म्हणताल?"

"उसाची काकवी म्हणीन," व्यंकट म्हणाला.

"मग नको."

"तासाभरात ऊस येतो," नासिर म्हणाला. "तवर काय करायचं ते कर. पुढं मला चरक लागंल."

शेरडांनी खाल्लेल्या दोन सोडल्या तर गावातल्या सगळ्या कोपी आल्या होत्या. एकच आली नव्हती, सगळ्यांत मोठी, त्यांच्या स्वतःच्या वावरातली; गावाला सांगण्याच्या नादात ती सुकन्याच्या ध्यानातच आली नव्हती. सुकन्या वावराकडं पळत सुटली.

आंब्याखाली ती कोप जशीच्या तशी उभी होती आणि तिच्या दाराशी रामलिंग आबा बसले होते.

"आबा, उठा. आपल्या पेंढ्या न्यायच्यात. चारच बोटं कमी पडलेत."

आबा उठले नाहीत.

"लोकांनी दिल्या ना?" ते म्हणाले.

"दिल्या. आता आपल्या द्यायच्या."

"लोकांचं लोकं बगतेत. आपल्या वावरात माझ्या हयातीत कोप कुणी मोडली न्हाई."

"तुम्हीच म्हणालात, रिकामी हाय."

"म्हणालो."

"मग?"

"न्हाई," आबा म्हणाले.

सुकन्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्या माणसानं फेरीवाल्याला कधी नाही म्हटलं नव्हतं, गंगम्माला म्हटलं नव्हतं, मोटारसायकलवरच्या आदिनाथला म्हटलं नव्हतं. जन्मभर साठवून ठेवलेला तो शब्द त्यांनी आज काढला होता, आणि तोही तिच्यासाठी.

"आबा," ती म्हणाली. तिचा आवाज आता अगदी शांत होता, माणूस फार वैतागला की होतो तसा. "गावाला धाटं वाटताना मी तुम्हाला अडवलं का?"

"अडवलंस की. रोज अडवलंस."

"तुम्ही ऐकलं?"

आबांनी मान खाली घातली. "न्हाई."

"दुपारी ऊस येईल. मग रस आंबेल. मग पप्पा मैनाला बाजारात नेतेल. तुम्ही तिला दाव्याला धरून टेम्पोत चढवताल का? मी तर न्हाई चढवणार."

आबा दारातून हलले नाहीत. फाट्याकडून चरकाची घरघर ऐकू येत होती, नासिर तो रिकामाच फिरवत असावा.

सुकन्या गुडघ्यावर बसली. आबांच्या बाजूनं हात आत घालून तिनं कोपीतला पहिला दगड उचलला, त्याच्यावरची वाळलेली फुलं झटकली, ओढणीच्या टोकानं तो पुसला आणि आबांच्या हातात दिला. मग दुसरा दिला. देवाचे दगड खाली कसे ठेवणार, म्हणून आबा ते छातीशी धरत गेले. तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्या दगडानं आबांचे दोन्ही हात भरून गेले आणि कोप खरंच रिकामी झाली. तेव्हा सुकन्या उठली, कोपीच्या मागच्या बाजूला गेली आणि तिनं पहिली पेंढी ओढून खांद्यावर घेतली.